दादासाहेब फाळके : चित्र कोणाचे, कंपनी कोणाची?



भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून दादासाहेब फाळके यांचे नाव आपल्या घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. 'राजा हरिश्चंद्र'ची गोष्ट शाळेत शिकवली जाते आणि त्यांच्या नावाचा पुरस्कार दरवर्षी कोणाला मिळाला याची बातमी आपण वाचतो. पण या माणसाने तीन वेळा संसार नव्याने मांडला, आपल्या कलेला भांडवल देणाऱ्यांशी भागीदारी केली, ती मोडली आणि ज्या कंपनीचा पाया स्वतः घातला तिच्यातच पुढे पगारावर काम केले, हा भाग फारसा सांगितला जात नाही. आज आपल्या इचोड्यातील कितीतरी मुले-मुली चित्रे काढतात, व्हिडिओ बनवतात, हैदराबाद-नागपूरच्या कंपन्यांसाठी डिझाईनचे काम करतात. त्यांच्या दृष्टीने चरित्राचा हाच भाग अधिक उपयोगाचा आहे, असे आम्हांस वाटते. म्हणून तो येथे थोडा सविस्तर देत आहोत.

त्र्यंबकेश्वर ते बडोदे

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळ त्र्यंबकेश्वर येथे झाला. घराणे विद्वान ब्राह्मणांचे. वडील संस्कृतचे पंडित होते आणि पुढे मुंबईला अध्यापनासाठी गेले. मुलाने पूजापाठाची परंपरा चालवावी, अशी घरची अपेक्षा असणार. मुलाचा ओढा मात्र चित्रकलेकडे, नकला करण्याकडे आणि जादूच्या खेळांकडे होता. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथून थोरल्या भावाबरोबर बडोद्याला गेले आणि सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत निघालेल्या कलाभवनात शिकले. चित्रकला, मातीकाम, वास्तुरचना आणि छायाचित्रण असे नाना विषय त्यांनी तेथे आत्मसात केले. कलाभवनचे प्रमुख प्राध्यापक गज्जर यांचा त्यांच्यावर लोभ होता. त्यांनीच धुंडिराजांना रतलामला पाठवून ठसे तयार करण्याची आणि रंगीत छपाईची कला शिकण्याची संधी दिली.

पुढे गोध्रा येथे त्यांनी फोटो स्टुडिओ काढला. धंदा बसतो न बसतो तोच प्लेगाची साथ आली आणि पहिली पत्नी व मूल दोन्ही गेले. हा त्यांच्या आयुष्यातील पहिला मोठा घाव. गोध्रा सोडून ते पुन्हा नव्याने उभे राहिले. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. या सरस्वतीबाई पुढच्या सगळ्या उद्योगात त्यांच्या खऱ्या अर्थाने जोडीदार ठरल्या.

छापखान्याची वर्षे

काही काळ दादासाहेबांनी सरकारच्या पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी केली. नोकरी सुरक्षित होती, पण मन रमले नाही. ती सोडून त्यांनी लोणावळ्याला ठसे बनविण्याचा व छपाईचा कारखाना काढला. राजा रविवर्मा यांच्या छापखान्यासाठीही त्यांनी काम केले. त्या काळी घराघरांत लागलेल्या लक्ष्मी, सरस्वती, राम-सीता यांच्या रंगीत तसबिरी अशाच छापखान्यांतून येत. चित्र काढणारा एक, त्याचा दगडावर किंवा धातूवर ठसा करणारा दुसरा आणि छापून विकणारा तिसरा. लोकांच्या भिंतीवर देव पोहोचे, पण तो तिथपर्यंत आणणाऱ्या कारागिराचे नाव कोणालाच कळत नसे. दादासाहेब या साखळीतले मधले कारागीर होते.

कारखाना पुढे दादरला आला आणि 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' या नावाने भागीदारीत वाढला. रंगीत छपाईची नवी यंत्रे पाहण्यासाठी दादासाहेब जर्मनीला जाऊन आले. उत्तम छपाईमुळे कारखान्याचे नाव झाले, पण धंदा कसा चालवावा यावरून भागीदारांशी मतभेद वाढले आणि दादासाहेब बाहेर पडले. बाहेर पडताना हाती काही लागले नाही. जवळ राहिले ते केवळ हातातील कसब. वय चाळिशीचे, डोळ्यांचा त्रास सुरू झालेला आणि घरात लहान मुले. आपण घडवलेला कारखाना सोडून रिकाम्या हाताने निघण्याची ही पहिली वेळ होती. ती शेवटची ठरली नाही.

स्वतःची कंपनी

याच सुमारास गिरगावातील एका तंबूत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. परदेशी देवचरित्र पडद्यावर हलताना पाहून आपला राम, आपला कृष्ण असा का दिसू नये, हा विचार त्यांच्या मनात घर करून बसला. पुढच्या कित्येक रात्री त्यांनी मिळेल तो चित्रपट पाहण्यात घालवल्या. डोळ्यांवर ताण येऊन काही काळ दृष्टी गेली. उपचारांनी ती परत आली आणि ते पुन्हा त्याच ध्यासाला लागले.

आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून त्यांनी पैसा उभा केला आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठले. 'बायोस्कोप' या साप्ताहिकाच्या संपादकांच्या ओळखीने सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्यांना काम पाहता आले. विल्यमसन बनावटीचा कॅमेरा व इतर सामग्री खरेदी करून ते परतले आणि फाळके फिल्म्स कंपनी सुरू केली. भांडवलदारांना विश्वास वाटावा म्हणून वाटाण्याचे बी रुजून त्याचे रोप कसे होते याचा छोटा चित्रपट त्यांनी तयार केला. तो पाहून कर्ज मिळाले.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' झळकला. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दामोदर दाबके. तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळेना, तेव्हा अण्णा साळुंके या तरुणाला लुगडे नेसवले. कथा, दिग्दर्शन, छायाचित्रण, फिल्म धुणे, जोडणे या सगळ्यांत दादासाहेबांचा हात होता. सरस्वतीबाई दिवसा कंपनीतील सगळ्यांचा स्वयंपाक करीत आणि रात्री फिल्मला भोके पाडणे, ती धुणे ही कामे सांभाळीत. त्यांच्या कष्टांचा हिशेब कोणी ठेवला नाही.

त्यानंतर कंपनी नाशिकला आली. 'मोहिनी भस्मासुर' व 'सत्यवान सावित्री' तयार झाले. ते घेऊन दादासाहेब १९१४ मध्ये पुन्हा लंडनला गेले. तेथे त्यांच्या कामाचे कौतुक झाले आणि चांगला पगार व नफ्यात वाटा देऊन तेथेच चित्रपट काढण्याची बोलणीही झाली. त्यांनी ती नाकारली. हा धंदा आपल्या देशात, आपल्या माणसांच्या हातून उभा राहावा, हा त्यांचा हट्ट होता. परक्या देशातील मोठ्या पगारापेक्षा स्वतःची कर्जबाजारी कंपनी त्यांना जवळची वाटली. हा प्रसंग आपण लक्षात ठेवू, कारण पुढे त्याची उलटी बाजू येते.

भागीदारीचा कागद

पहिले महायुद्ध सुरू झाले आणि पैसा आटला. कर्ज देणारे मागे सरले. सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले. अशा दिवसांत १९१७ मध्ये 'लंकादहन' आला. अण्णा साळुंके यांनी त्यात राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या. या चित्रपटाने तिकीटबारीवर इतका पैसा आणला की नाण्यांच्या थैल्या बैलगाडीतून न्याव्या लागल्या, असे सांगतात. त्याच वर्षी 'नवयुग' मासिकात दादासाहेबांनी आपल्या धडपडीची हकीकत स्वतः लिहिली. आपल्या उद्योगाची बाजू वाचकांपुढे मांडण्याची त्यांना सवय होती आणि लेखणीही चांगली होती.

आता भांडवलदार आपणहून येऊ लागले. लोकमान्य टिळकांनीही मोठी कंपनी काढण्याच्या दृष्टीने प्रयत्न केले, पण ते जमले नाही. अखेर मुंबईतील व्यापाऱ्यांशी बोलणी ठरली आणि १ जानेवारी १९१८ रोजी फाळके फिल्म्सच्या जागी हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. वामन श्रीधर आपटे हे तिचे व्यवस्थापक भागीदार. दादासाहेब काम करणारे भागीदार. भांडवल इतरांचे आणि कसब यांचे, अशी वाटणी झाली.

आरंभ उत्तम झाला. 'श्रीकृष्णजन्म' आणि 'कालियामर्दन' या दोन्ही चित्रपटांनी लोकांना वेड लावले. दोन्हींत त्यांची कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली होती. पण आतल्या आत तंटा वाढत होता. दादासाहेबांना मनाजोगे दृश्य मिळेपर्यंत वेळ व पैसा खर्च करायचा असे. भागीदारांना चित्रपट ठरलेल्या वेळेत आणि ठरलेल्या खर्चात हवा असे. दोन्ही बाजूंचे म्हणणे आपापल्या जागी खोटे नव्हते. ज्याने पैसा घातला त्याला हिशेब मागण्याचा अधिकार होता. ज्याने चित्रपट डोक्यात पाहिला होता त्याला तो अर्धवट सोडवत नव्हता.

दादासाहेबांनी कंपनी सोडायचे ठरवले तेव्हा करार पुढे आला. भागीदारीला ठराविक मुदत होती आणि मुदतीआधी बाहेर पडणाऱ्याला नफ्यातील आपल्या वाट्यावर पाणी सोडावे लागणार होते. केलेले चित्रपट कंपनीचे. पडद्यावरचे कृष्णलीलेचे चमत्कार ज्यांच्या डोक्यातून निघाले, त्यांचा त्या फितींवर हक्क उरला नाही. दादासाहेबांनी ही किंमत दिली आणि कुटुंबासह काशीला निघून गेले.

काशीतील मौन

काशीत त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. त्या वेळच्या नाट्यव्यवसायावर त्यात टीका होती. नाटक इतके लांबले की ते दोन रात्रींत करावे लागले. किर्लोस्कर मंडळींनी ते रंगमंचावर आणले, पण पैसा मिळाला नाही.

इकडे महाराष्ट्रात लोक त्यांची वाट पाहत होते. 'संदेश'चे संपादक अच्युतराव कोल्हटकर यांनी त्यांना परत येण्याची कळकळीची विनंती केली. त्यावर चित्रपटापुरते आपण मेलो आहोत, अशा आशयाचे उत्तर दादासाहेबांनी पाठवले. कोल्हटकर मोठे चतुर संपादक. फाळके वारले, अशा अर्थाचा मथळा देऊन त्यांनी ते उत्तर छापून टाकले. वाचकांच्या पत्रांचा पाऊस पडला आणि दादासाहेबांनी परत यावे म्हणून लोक लिहू लागले.

येथे आम्हांला एक गोष्ट विशेष वाटते. वर्तमानपत्र हाताशी होते, वाचक बाजूचे होते आणि लेखणी तर होतीच. भागीदारांची उणीदुणी चव्हाट्यावर मांडायची असती तर याहून चांगली संधी नव्हती. त्यांनी दिलेल्या उत्तराचा रोख मात्र भागीदारांवर नव्हता, स्वतःवरच होता. याचे कारण स्वभाव असेल, जुनी रीत असेल किंवा कंपनी आपणच उभी केली याचा अभिमान असेल. स्वतःच्या घराची निंदा चारचौघांत करू नये, ही शिकवण आपल्याकडे अजून आहे. त्या शिकवणीत शहाणपण आहे, पण त्याची झळ ज्याला बसते तो बहुधा मुकाट असतो, हेही खरे.

पुन्हा त्याच दारात

दादासाहेबांविना कंपनीचे चित्रपट चालत होते, पण पूर्वीची जादू नव्हती. आपट्यांनी त्यांना पुन्हा बोलावले आणि ते आले. या वेळी भागीदार म्हणून नव्हे, तर निर्मितीप्रमुख व तांत्रिक सल्लागार म्हणून. पगार दरमहा १,००० रुपये. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. पण ज्या माणसाने लंडनचा पगार आणि वाटा नाकारून स्वतःची कंपनी निवडली होती, तो आता स्वतःच स्थापलेल्या कंपनीचा पगारदार झाला.

कायद्याच्या दृष्टीने यात अन्याय नव्हता. तेव्हा आपल्याकडे १९१४ चा कॉपीराइट कायदा लागू होता. नोकरीच्या कामात तयार झालेल्या कृतीचा पहिला मालक नोकरी देणारा, असा त्याचा साधा नियम होता. वेगळे काही हवे असेल तर करारात आधीच लिहून घ्यावे लागे. दादासाहेबांनी पुढची काही वर्षे इमानाने काम केले. सरकारने १९२७-२८ मध्ये चित्रपट धंद्याच्या चौकशीसाठी समिती नेमली, तेव्हा तिच्यापुढे त्यांनी साक्षही दिली. पण पुन्हा खटके उडाले आणि ते पुन्हा बाहेर पडले.

मग 'सेतुबंधन' आला. तो मूकपट म्हणून सुरू झाला, मध्येच पैसा संपला आणि तयार होईपर्यंत बोलपटांचे युग उजाडले. त्याला नंतर आवाज जोडावा लागला. १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी 'गंगावतरण' दिग्दर्शित केला. त्यांचा हा शेवटचा चित्रपट. नव्वदहून अधिक चित्रपट आणि शिवाय कितीतरी लघुपट त्यांच्या नावावर सांगितले जातात. तरीही उतारवयात गाठीला पैसा नव्हता. १९३९ मध्ये चित्रपट धंद्याचा रौप्यमहोत्सव झाला तेव्हा व्ही. शांताराम यांनी पुढाकार घेऊन त्यांच्यासाठी निधी उभा केला आणि त्यातून नाशिकला राहण्यापुरते घर झाले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकलाच त्यांचे निधन झाले. केंद्र सरकारने १९६९ पासून त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला. पहिला मान देविका राणी यांना मिळाला.

चित्रकथांच्या जगातही हेच

ही कहाणी एकट्या दादासाहेबांची नाही. आपली मुले ज्या चित्रकथा वाचतात त्यांच्या मागेही असेच कागद आहेत. अमेरिकेत जेरी सीगल व जो शुस्टर या दोन तरुणांनी सुपरमॅन निर्माण केला आणि १९३८ मध्ये १३० डॉलरला त्याचे सर्व हक्क प्रकाशकाला लिहून दिले. प्रकाशक गबर झाला. या दोघांना कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या. १९७५ मध्ये, म्हातारपणी, त्यांना वर्षासन मिळाले आणि चित्रकथेवर पुन्हा त्यांचे नाव छापले जाऊ लागले.

जॅक कर्बी यांचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. जो सायमन यांच्यासोबत त्यांनी 'कॅप्टन अमेरिका' हा नायक घडवला. १९६० च्या दशकात सायमन यांनी हक्कासाठी दावा लावला तेव्हा कर्बी आपल्या जुन्या सहकाऱ्याच्या बाजूला न राहता प्रकाशकाच्या बाजूने उभे राहिले. सायमन यांना जे मिळेल तेवढेच तुम्हांलाही देऊ, असे त्यांना सांगण्यात आले होते. पुढे १९८० च्या दशकात त्याच कंपनीकडून स्वतःच्या हाताने काढलेली मूळ चित्रे परत मिळवण्यासाठी कर्बींना झगडावे लागले आणि हजारो पानांपैकी काहीच हाती आली. मालकाची बाजू घेणे पाप नव्हे. ज्याचे अन्न खातो त्याच्याविषयी चांगले बोलावे, हा आपलाही संस्कार आहे. पण मालकाच्या बाजूने बोलण्याआधी आपल्या हातातील कागदावर काय लिहिले आहे हे माहीत असावे, एवढेच.

आपल्या मुलामुलींसाठी

आज आपल्या देशात १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्यातील काही गोष्टी प्रत्येक घरात माहीत असाव्यात.

नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक आजही साधारणपणे नोकरी देणारा असतो. वर्तमानपत्रात किंवा मासिकात नोकरीला असलेल्या चित्रकाराच्या बाबतीत मात्र मालकाचा हक्क त्या नियतकालिकात व तशाच इतर नियतकालिकांत छापण्यापुरता राहतो, बाकीचे हक्क चित्रकाराकडे राहतात. अर्थात करारात वेगळे लिहिले नसेल तर.

स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने हक्क दुसऱ्याला द्यायचे असतील, तर ते लेखी आणि सहीनिशी असावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत धरला जातो. म्हणून मुदत, प्रदेश आणि मोबदला हे तीन रकाने कोरे असतील तर सही करण्याआधी विचारावे.

हक्क विकले तरी ही कृती माझी आहे, असे सांगण्याचा कलाकाराचा अधिकार कायदा त्याच्याकडेच ठेवतो. आपले नाव छापा, ही मागणी करताना संकोच वाटण्याचे कारण नाही.

पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर आपली नातीगोती आहेत. घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि आसपास गोंडी, अशा तीन भाषांत आपली मुले वाढतात. एवढ्या भाषा जाणणाऱ्या कलाकाराला काम देणारे भेटतातच. करार मात्र बहुधा इंग्रजीत येतो आणि घाईत येतो. घरातील जाणत्या माणसाने, किंवा मंडळातील वकील-शिक्षक सभासदांनी, तो एकदा शांतपणे वाचून द्यावा. काम देणारा नात्यातला असला तरी कागद करावा, कारण नाती बिघडतात ती बहुधा न लिहिलेल्या गोष्टींवरूनच. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेसाठी किंवा फलकासाठी कोणी मुलाने चित्र काढले तर त्याखाली त्याचे नाव छापावे. सुरुवात घरापासून झालेली बरी.

३० एप्रिलला दादासाहेबांची जयंती असते. 'राजा हरिश्चंद्र'चे जे भाग आज पाहायला मिळतात, ते बहुतेक १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीचे असावेत, असे अभ्यासक मानतात. काही मिनिटांचेच आहेत. त्या दिवशी मुलांना ते अवश्य दाखवावेत आणि दाखवताना नाशिकच्या त्या कंपनीची गोष्टही सांगावी.